काट्यावर न चढलेलं

एकदा, फक्त एकदा,
मी शेळी वितानाचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.
तेव्हापासून तीन आठवडे फोनमध्ये शेळ्याच.
तुमच्यासाठी, म्हणतो. खास तुमच्यासाठी.

शाहूपुरीतल्या आमच्या खानावळीत
पांढरा रस्सा वाढणारा पोऱ्याही असाच,
हात आडवा धरला तरी वाटी भरतो.
पण तो निदान तोंडाकडं बघतो.
परवा म्हणाला, ताई, आज जेवण जाईना वाटतं,
आणि वाटी न भरता पुढं गेला.

फोनला कोण सांगणार,
की मी बघते ते आवडतंय म्हणून नाही,
दिवसभर शिरोलीच्या फौंड्रीत बिलं करून
अंगठा थांबवायचं बळ उरत नाही म्हणून.

शनिवारी लक्ष्मीपुरीत जाते,
दस्तगीर मुल्लाणींच्या रद्दीच्या दुकानात.
चाचांना वाचता येत नाही.
आकडे येतात, काटा येतो,
आणि पुस्तक सैल सोडायची एक रीत येते:
कणा तळहातावर, पानं मोकळी.
जे आपणहून एका पानावर उघडतं
ते बाजूला.
"ह्यात कोणतरी राहून गेलंय."
जे कुठंच उघडत नाही, ते किलोत.

असं मिळालं मला मधमाश्यांवरचं एक, हळदीचे डाग पडलेलं.
एका न्हाव्याचं आत्मचरित्र, शेवटची आठ पानं नसलेलं
(तो घरी परतला का, मला अजून माहीत नाही).
आणि गेल्या दिवाळीत हे:
प्रोजेक्टरची निगा व दुरुस्ती.

चाचा, ह्याचं मी काय करू?
"उघडतंय बघ की. किती ठिकाणी उघडतंय."

समास पेन्सिलीनं भरलेले.
कार्बनची कांडी कशी बदलावी, त्याच्या शेजारी:
आज बाल्कनीत एकच इसम. तरी सगळा चालवला.
लेन्सच्या आकृतीखाली:
धाकटीला ताप. दुसरा खेळ बापूने केला.
आणि एकसष्टाव्या पानावर, जिथं ते उघडतंच:
तिसरं रीळ तुटलं. सहा मिनिटं अंधार.
कुणी शिट्टी मारली नाही. कुणी उठलं नाही.

सिनेमाचं नाव नाही.
साल नाही.

फोनला विचारलं.
त्यानं मला शिट्ट्या दाखवल्या.

मग गंगावेशीत, दूध कट्ट्यावर,
म्हशीची धार निघायची वाट बघणाऱ्यांना विचारलं.
तिघांनी चार सिनेमे सांगितले,
वाद पेटला, कुणाच्या तरी मेव्हण्यापर्यंत गेला,
आणि पिराजी कोराणे, ऐंशीच्या पुढचे,
पेला तोंडाला लावता लावता म्हणाले,
त्यातला एक हाय माझ्याकडं. ये रविवारी.

रविवारी त्यांच्या सुनेनं टीव्हीवरचं फडकं काढलं.
सीडी दोनदा अडकली.
सिनेमा तसा बेताचाच, नायक फार बोलत होता.
पण एका ठिकाणी एक बाई
विहिरीवरून रिकामी घागर घेऊन परतते,
वाटेत कुणी काही विचारत नाही,
आणि कॅमेरा तिच्या मागं मागं,
पार घरापर्यंत, न कंटाळता.
पिराजी तोवर झोपले होते.
सूनबाई चहाचा कप धरून दारातच उभ्या.
आम्ही एकमेकींकडं पाहिलं नाही.

तो सिनेमा हाच का? नसावा.
रिळांचा हिशोब जुळत नाही. मी बिलं करते, मला कळतं.

काल चाचांकडं पुस्तकाचे पैसे द्यायला गेले.
"पैसं राहू दे. काय होतं त्यात, ते सांग."

काट्याशेजारी उभी राहून सांगू लागले.
एकटा इसम. धाकटीचा ताप.
तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं,
वर्षभराच्या पेपरांचा गठ्ठा पारड्यात आदळला,
पारडं खाली बसलं.
चाचांच्या हातात दोन किलोचं वजन,
ते तसंच हातात.

"पुढं?"