तांब्याची वाटी

तफ्तला आजोबा पाणी वाटायचे.
हौदात तरंगती तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक;
वाटी बुडाली की घटका भरली,
मग पाट शेजाऱ्याच्या डाळिंबांकडे वळायचा.
पाण्यावरून डोकी फुटली,
पण वाटी खोटं बोलते असं कुणी म्हटलं नाही.

मी पहाटेच्या बसने यज़्दला येते, बाही वर करते.
पाचव्या दिवशी इस्ट्राडिओल एकशेऐंशी.
सातव्या दिवशी सहाशे दहा.
नवव्या दिवशी सतराशे चाळीस,
आणि डॉक्टर साबेती पडद्यावरचे काळे गोल मोजतात:
अकरा. नाही, बारा, एक मागे लपलाय.
जमिनीखालच्या विहिरींची रांग दिसावी तसे,
प्रत्येकात थोडं पाणी.

कैवान गुरांचा कंपाउंडर. दिवसाला चाळीस मेंढ्या टोचतो.
माझ्या पोटाची चिमूट धरली
की त्याचा हात कापतो.

दहाव्या दिवशी भलताच आकडा वर आला.
प्रोजेस्टेरॉन, एक पूर्णांक नऊ.
"लवकर चढलंय," डॉक्टर म्हणाल्या,
"अस्तर पुढे निघून गेलं. गर्भ मागून पोचेल
तेव्हा दार लोटलेलं असेल.
अंडी काढू, गर्भ गोठवून ठेवू.
पुढच्या महिन्यात बघू. किंवा त्याच्या पुढच्या."
मी विचारलं, शंभरात किती जणींना?
त्यांनी कागदावर माझं वय पाहिलं, एकोणचाळीस,
मग खिडकीबाहेर.
"शंभर जणी इथे नाहीत, माहलका. तू आहेस."
हे काही उत्तर नव्हतं.
मला आवडलं, पण उत्तर नव्हतं.

शेवटची सुई रात्री साडेदहाला,
मिनिटभरही इकडेतिकडे नाही.
कैवानने तीन ठिकाणी गजर लावले.
मी आईच्या डाळीच्या डब्यातून वाटी काढली,
पातेल्यात पाणी घेतलं, सोडली.
बुडेचना. भोक क्षारांनी बुजलेलं.
कालच्या इंजेक्शनची सुई होती,
तिनेच कोरलं.

आता बुडाली, पण फार लवकर,
गजराला अजून अकरा मिनिटं असताना.
भोक मी मोठं केलं असणार.
"परत सोड," कैवान म्हणाला.
मी सोडली नाही.
पातेल्याच्या तळाशी ती लालसर पडून होती,
आणि आम्ही दोघं ओट्याला टेकून,
त्याच्या हातात सुई,
माझा सदरा वर धरलेला.