पान उलटा

विषम वर्ष, मार्चचा दुसरा मंगळवार.
अग्निशमन केंद्रातला बंब बाहेर उन्हात,
त्याच्या जागी टेबल, दोन खुर्च्या,
आणि मी पहाटे भाजलेला गोड पाव.
बावीस वर्षं अशीच व्हायची
टूली बेंडच्या दफनभूमी मंडळाची निवडणूक.

यादीत नावं चार हजार. यायचे सदतीस.
अवेलिनो पहिला, बुटांना गोठ्यातलं शेण तसंच.
मग फुर्तादो बहिणी,
एकमेकींशी अबोला, पण गाडी एकच.
कोण कुणाला मत देणार
हे मला पेन कसं धरलंय त्यावरून कळायचं.
पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
आमच्या परमेश्वराला सदतीस मुखं होती
आणि त्यातली एकोणतीस माझ्या नात्यातली.

माझा दीर झेफेरिनो मंडळाचा अध्यक्ष.
वाईट माणूस नाही.
थडग्यांवरचं गवत गुडघ्यावर बसून बघायचा,
मुळाशी ओल आहे ना.
पश्चिमेकडचं गवत.
पूर्वेच्या कोपऱ्यात,
जिथे बदामाच्या बागांत राबलेली माणसं पुरलीत,
तिथे नळच नव्हता.
बायका दुधाच्या रिकाम्या कॅनमधून पाणी आणायच्या,
झेंडूला घालायच्या, उरलेलं दगडावर.
आम्ही कधी नाही म्हटलं नाही.
आम्हाला कधी कुणी विचारलंच नाही.

ऑगस्टातल्या सभेला आम्परो विल्यालोबोस आली.
एका हातात फाईल, दुसऱ्यात तो कॅन.
म्हणाली, निवडणूक नोव्हेंबरात न्या,
सम वर्षात, गव्हर्नरच्या निवडणुकीच्या दिवशी.
त्या दिवशी आमचे लोक येतातच.
झेफेरिनो म्हणाला,
त्या गर्दीत आपल्या मेलेल्यांना ओळखणार कोण?
मी मान डोलावली.
ती म्हणाली, आत्ता कोण ओळखतं?

ठराव मंजूर झाला, दोन विरुद्ध एक.
वाटलं, तिचं बोलणं कुणाच्या तरी काळजाला भिडलं.
तसं काही नव्हतं.
खजिनदाराने हिशेब केला होता:
वेगळ्या निवडणुकीच्या खर्चात
गवत कापायचं नवं यंत्र येतं.

मग आला तो नोव्हेंबर.
बंबाच्या दारापासून पार पेट्रोलपंपापर्यंत रांग,
आणि मला त्यातले चेहरे ओळखू येईनात.
पावाला कुणी हात लावला नाही;
कानात हेडफोन घातलेल्या एका पोराने
न विचारता तीन तुकडे उचलले.
मतपत्रिका टॉवेलएवढी.
गव्हर्नर, सिनेटर, न्यायाधीश,
अकरा प्रस्ताव, कर्जरोखे, शाळा,
आणि मागच्या बाजूला, अगदी तळाशी,
जिथे हाताचा घाम लागून शाई पुसट होते,
दफनभूमी मंडळ, विश्वस्त, एकच नाव निवडा.

नियमाप्रमाणे मला दोनच शब्द बोलता येतात.
दिवसभर बोलले. पान उलटा.
ज्याला त्याला. पान उलटा.
संध्याकाळी घसा बसला,
तेव्हा हवेत तळवा उलटा करून दाखवला.

दोन हजार सहाशे माणसं.
आठशे एकाहत्तर जणांनी ती चौकट कोरीच ठेवली.
झेफेरिनो म्हणाला, बघ, मी सांगत होतो.
पण त्याआधीचा सगळा ऑक्टोबर
तो पूर्वेच्या रस्त्यावर
आयुष्यात पहिल्यांदा दारं ठोठावत हिंडला होता,
कुत्री अंगावर घेत,
मोडक्या स्पॅनिशमध्ये स्वतःचं नाव सांगत.
एकोणीस मतांनी तो जिंकला.

मी मत कुणाला दिलं, सांगणार नाही.
माझं पेन बघायला
त्या दिवशी कुणाला वेळ नव्हता.

जानेवारीत पूर्वेच्या कुंपणाशी
काळ्या पाइपचं वेटोळं येऊन पडलं.
अजून जोडलेलं नाही.
रविवारी आम्परो त्याच्यावरच बसली होती,
कॅन पायाशी, फाईल मांडीवर.
दोन वर्षांनी खजिनदाराची जागा रिकामी होतेय, म्हणाली,
आणि मला विचारलं,
तो पाव गोड कशाने होतो, साखरेने की दुधाने?