कीस

नातवाच्या पासपोर्टला दोन तास लागणार होते,
आत फक्त त्यालाच सोडलं.
बसून काय करायचं? म्हटलं वागळे इस्टेटात आलोच आहे,
रोड नंबर बावीसला जाऊन शेड आहे का बघावं.

शेड आहे.
पत्रे नवे, दाराशी कुंडीत बांबू,
आणि टाइम ऑफिसची खिडकी होती तिथून
एक मुलगी कॉफी विकते, दोनशे वीस रुपये.
तिनं विचारलं, काका, प्रदर्शन बघायला?
मी हो म्हटलं.
सत्तावीस वर्षांत या दारातून
कुणी हसून आत घेतलं नव्हतं.

भिंती इतक्या पांढऱ्या
की खोकलो तर डाग पडेल.
चित्रं बघितली. खोटं का बोलू,
बऱ्याच चित्रांत मला काही दिसलं नाही,
आणि एकासमोर उगाच खूप वेळ उभा राहिलो.
त्यात नुसता जिना होता.

मग नजर सवयीनं खाली गेली.
फरशीला पॉलिश, पण चार बोल्ट
सपाट कापलेले अजून दिसतात,
जुनी नाणी पुरल्यासारखे.
सात नंबर.
माझं लेथ.
डाव्या पायाखाली खळगा पडला होता, तो बुजवलाय.
पाय तरी बरोबर तिथंच गेला.

मधोमध, गर्डरवरून लोंबत होता
लोखंडाचा कीस.
शेकडो गुंडाळ्या, निळ्या.
खाली पाटी: शीर्षक नाही. पोलाद आणि रंग.

हा कीस आम्ही फावड्यानं भरायचो.
शनिवारी भंगारवाला किलोवर न्यायचा.
चपलेत रुतून तो घरीही यायचा,
बायको उंबऱ्यावर थांबवायची, आधी पाय झटका म्हणायची,
तरी एकदा धाकटीच्या तळव्यातून
सुईनं काढावा लागला, कंदिलाच्या उजेडात.

मी बोट लावलं.
काका, हात नको! करत एक पोरगी धावली.
सिल्व्हिया तुस्कानो, वसईची. हे तिनंच केलेलं.
म्हटलं, बाळ, एक सांगू? रागावू नकोस.
हा निळा लावायचा नसतो.
येतो.

हत्याराला कोन नीट दिला असेल
तर कीस तुटत नाही, उलगडत जातो.
फेरे वाढवत न्यायचे.
आधी पिवळा, वाळल्या गवतासारखा,
मग जांभळा,
मग असा निळा, की हात लिव्हरवर असून
माणूस थांबवायचं विसरतो.
सुपरवायझर ओरडायचा, कोयंडे, हत्यार जाळतोस काय!
म्हणजे सुंदर दिसलं
की पगारातून कापून घ्यायचे.

तिनं वही काढली. कोन किती?
आकडा आठवेना.
हातानं दाखवला.
तिनं माझा हातच रेखाटून घेतला.

कोपऱ्यात एक दाढीवाला आणि एक बाई
तिच्या कामाचा अर्थ लावत होते,
स्मृती, श्रम, विस्थापन,
शब्दाशब्दाचा कीस.
चांगला पाडत होते, हात बसलेला होता.
फक्त गार होता फार,
रंग धरत नव्हता.

नातवाचा फोन आला. काम झालं.
जर्मनीला जायचंय त्याला, मशीनवरच.
म्हणतो, आजोबा, तिकडं सगळं काचेच्या आत चालतं,
वर पाण्याची धार, कीस दिसतसुद्धा नाही.
मी म्हटलं, बरं. डोळ्यांना बरं.

निघताना सिल्व्हिया दारापर्यंत आली.
रबाळ्याला मित्राकडे एक जुनं लेथ आहे,
बुधवारी याल का, दाखवाल का?
मी म्हटलं, बघू.
बुधवारी मोतीबिंदूची तारीख आहे.

सकाळचीच आहे पण.