घाई नाही

अंत्यविधीनंतर चौथ्या दिवसापासून
भांडी परत यायला लागली.

काचेची, पत्र्याची, एक निळ्या काठाचं,
प्रत्येकाच्या तळाशी पांढरी चिकटपट्टी
आणि तिच्यावर शाईने, जरा उजवीकडे कललेलं:
व्हर्डेल टटल. घाई नाही.

अलाबामातल्या आमच्या त्या गावात
कुणी गेलं, कुणाला बाळ झालं,
कुणाचा नवरा पंपावरच्या पोरीबरोबर टेक्सासला पळाला,
की मीमॉ तासाभरात दारात.
हातात चिकन-भाताचं वाफाळतं भांडं,
आणि विचारपूस अशी
की माणूस रडता रडता सगळं सांगून मोकळा.
"प्रार्थनेत घालते हं," म्हणायची.
गावाला जे काही कळायचं ते प्रार्थनेतूनच.

सत्त्याण्णव वर्षं जगली.
त्यातली नव्वद बाप्टिस्ट चर्चच्या एकाच बाकावर,
खिडकीशेजारी, जिथे लाकूड
तिच्या कोपराने गुळगुळीत झालं होतं.
सात पाद्री आले आणि गेले.
प्रवचन लांबलं की ती पर्समधून पेपरमिंट काढायची,
कागद इतका सावकाश उलगडायची
की मागच्या रांगेपर्यंत चुरचुर ऐकू जावी.
पाद्रीबुवा काय ते समजायचे.

देवाशी मात्र पहाटे बोलायची,
बिस्किटांचं पीठ मळताना,
आमची नावं घेत, जन्माच्या क्रमाने.
शेवटी शेवटी नावं निसटायची.
"आणि तो उंचेला. तुला ठाऊक आहे कोणता."
तो मी.

त्र्याऐंशी साली मोबील शहरातून एकाने
चुकून तिचा नंबर फिरवला. त्याला टायरचं दुकान हवं होतं.
पाऊण तासाने त्याने फोन ठेवला.
पुढच्या रविवारी मुद्दाम केला.
"आमचे राँग नंबर बरे आहेत,
गुडघा तेवढा दुखतो," ती जेवताना सांगायची,
आम्हाला वाटायचं, म्हातारीची थट्टा.
अंत्यविधीला काठी टेकत एक गृहस्थ आले,
हॅट छातीशी धरून म्हणाले,
"मी राँग नंबर."

ती गप्प बसल्याचं मला एकदाच ठाऊक आहे,
तेही तिनेच सांगितलेलं, पोर्चवर, शेंगा सोलताना.
चौसष्ट सालचा ऑगस्ट.
चर्चच्या पायऱ्यांवर दोन काळ्या बायका आल्या,
पांढरे हातमोजे, बगलेत बायबल.
दारातल्या पुरुषांनी त्यांना परत पाठवलं.
"मी बाकावर होते. पुठ्ठ्याच्या पंख्याने वारा घेत होते.
पंख्यावर येशू होता, कोकरू कडेवर घेतलेला.
मी वारा घेत राहिले."
त्यातली एक ओळखीची. ओडेसा प्रुइट.
माझ्या आईचा बाप्तिस्म्याचा झगा तिने शिवला होता.

अकरा वर्षांनी मीमॉ तिच्या दारी गेली,
रिकाम्या हाताने. आयुष्यात तेवढी एकदाच.
मी विचारलं, मग?
शेंगा संपल्या होत्या.
टरफलं ओच्यात गोळा करून ती आत गेली.

आज तिचं कपाट उपसताना
सगळ्यात मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं,
एक खोलगट पिवळं भांडं सापडलं.
उलटं केलं. चिकटपट्टी जुनी, अक्षर सरळ, दुसऱ्याच हाताचं:
ओ. प्रुइट.
बाकी काही नाही.

फोनच्या वहीत प्रुइट तीन आहेत.
मीमॉ मेलेल्यांवर काट मारत नसे,
त्यामुळे कोण आहे, कोण नाही, कळत नाही.
मी वरून पहिला नंबर फिरवलाय.

घंटा वाजतेय. भांडं समोर ठेवलंय.
दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं
हे तर तिनेच शिकवलेलं,
आणि मला येतो तो एकच पदार्थ,
तोही तळाशी करपतो.