जावक क्रमांक ११४

गडगा तीन फूट पाणंदीत आला होता.
मोजणी मीच केली. टेपचं दुसरं टोक
शिपाई घाडीने धरलं
आणि तोंड खाडीकडे फिरवलं.

मुणग्यात साहेबांना कुणी काही सांगत नाही.
व्हाइस अॅडमिरल त्रिंबक केळुसकर.
चाळीस जहाजं ज्यांच्या शब्दावर हलायची
आणि ज्यांना निवृत्तीच्या पाच महिने आधी
एका संध्याकाळी घरी पाठवलं.

जहाजं पुढं न्या, असा फोन होता म्हणे.
टपरीवर कुणी म्हणतं, मागं घ्या, असा.
पुढचं मात्र सगळे सारखंच सांगतात:
साहेब म्हणाले, लेखी द्या.
मंत्री म्हणाले, मी बोलतोय ते पुरे.

मी देशावरची, बदलीवर आलेली ग्रामसेविका.
मला भरती-ओहोटीही तक्त्यात बघावी लागते.
नोटीस टाइप केली, गोल शिक्का मारला,
तो कलला.

त्यांनी ती उभ्याने वाचली. दोनदा.
मी 'अतीक्रमण' लिहिलं होतं,
पेनाने वेलांटी बदलली.
पोचवहीत सही, वेळ नऊ चाळीस,
हुद्द्याचा रकाना कोरा.
मग म्हणाले, अठरा दिवस मागत होतो मी, बाई,
एवढाच कागद. शिक्का वाकडा चालला असता.
मला काय बोलावं कळेना.
पाणी घेता का, म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून गडगा स्वतःच उतरवला,
चिरा चिरा, कुणाला हात लावू न देता,
आणि साडेतीन फूट मागे रचायला घेतला.
अर्धा फूट कशाचा, मी विचारलं नाही.

पाचव्या सकाळी रापणीचा दोर
पाणंदीतून सरळ खाली गेला.
मागून टोपली घेऊन बायजाक्का कुबल.
मला वाटलं, खूश असेल.

'तीनदा सांगलंय मी तेंका, दारात जावन.
पावसाआधी, गणपतीत, नि दिवाळीक.
तेव्हा माझा तोंड खोटा होता?
माका सही करूक येना नाय.
मतदानाक बोट पुढे करतंय,
ता लेखी म्हणायचा की तोंडी?'

पलीकडे साहेब वाकून चिरे लावत होते.
ऐकलं असणार, वारा आमच्याकडून होता.
हातातला चिरा खाली ठेवला त्यांनी.
बऱ्याच वेळाने उचलला.

ऑफिसात येऊन वही उघडली.
जावक एकशे चौदा: निकाली.
मग आवकची बाजू, जी मी भरलीच नव्हती.
तक्रारदार: बायजा कुबल.
तक्रार मिळाल्याची तारीख:

रकाना एक. घाडी म्हणाला,
बाई, शेवटची टाका.