आठ नंबर

मेहुणा फोनवर हसला,
'काय बे, सोलापुरात हीटर? तेही एप्रिलमध्ये?'
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये पत्र्याखाली त्रेचाळीस होतं तेव्हा,
स्क्रू-ड्रायव्हरची मूठसुद्धा धरवत नव्हती.
पण टॉवेलचं सूत रंगवायला पाणी उकळावं लागतं
आणि ऊन कितीही पडलं
तरी ते टाकीत शिरत नाही.

बारा टाक्या. नऊ-नऊ किलोवॅट.
गुंडेटीशेटना रात्रीची स्वस्त वीज हवी,
आणि फरशी फोडून नवी केबल टाकायची नाही.
म्हणून ही करडी डबी, पाठ्यपुस्तकाएवढी.
मेन पाडला. टेस्टर लावला. पुन्हा लावला
(मामाचं बोट गेल्यापासून मी दोनदा लावतो).
एक वायर आर फेजला, एक न्यूट्रलला,
झाकण बंद.

आता ज्या तारेतून करंट जातो
त्याच तारेतून ही बोलणार.
पन्नास हर्ट्झचा जाड घोष चालू असताना
त्याच्यावरून बारीक, भरभर, लाखाच्या घरातलं.
गड्ड्याच्या जत्रेत पाळणे करकरत असताना
आई फक्त आपल्या पोराला ऐकू जाईल
अशी हाक मारते ना, तसं :
तीन नंबर, चालू.
पाच नंबर, चालू.
टाकीपाशी रिसीव्हर ऐकतो, कॉन्टॅक्टर 'खट्' म्हणतो.

इरय्या कोडम सुताच्या पेटीवर बसून
कडक भाकरी मोडत बघत होता.
एकोणीस वर्षं रात्री अडीचला येऊन
तो हे बारा खटके हातानं टाकतो,
मग प्रत्येक टाकीत एक बोट बुडवून म्हणतो,
'नीळ्ळु वेडि.'
पहिल्या दिवशी मी ऐकलं वेडी.
मला वाटलं, कुणा बाईबद्दल बोलतोय.
पाणी गरम, एवढंच होतं ते.

सहा, खट्. सात, खट्.
आठ गप्प.

पत्ता तपासला. रिसीव्हर बदलला.
शेजारच्या मागांची मोटार बंद करून मागितली,
तिचा खरखराट तारेवर येतो म्हणून.
शेजारी शिव्या देत बंद केली, तरी आठ गप्पच.
ड्रॉइंग उघडलं, ड्रॉइंगवर आठ अगदी सरळ होतं,
इतरांसारखंच, निळ्या शाईत.

'ते कागद कशाला बघतो बे,' इरय्या म्हणाला.
'पॅनल जळालं होतं एकदा, थोरल्या शेटच्या वेळी.
रात्रीत काम पाहिजे होतं.
आठची कंट्रोलची तार त्या टोकावरून घेतली.
बॅटरी मीच धरली होती.'
त्या टोकावर बी फेज.
मी इकडे आरवर हाका मारतोय
आणि आठ नंबर भिंतीपलीकडच्या घरात.

दोन फेजच्या मधे कपॅसिटर बसवला,
अंगठ्याएवढा.
मोठा करंट त्यातून जवळजवळ जात नाही,
बारीक बोलणं जातं.
आठ, खट्.

'म्हणजे आता मी यायचं नाही का?'
त्यानं हे मलाच विचारलं, शेटना नाही.
माझ्या कोटेशनमध्ये त्याची ओळ नव्हती.
मी टेप गुंडाळत बसलो,
गुंडाळून झाली होती तरी.

ट्रायलसाठी रात्री थांबलो. अडीच.
बारा वेळा खट्, अंधारात, कुणाचाही हात नाही.
आणि दारात सायकल लावल्याचा आवाज.
तो एकेका टाकीशी गेला, बोट बुडवत,
आठपाशी जरा जास्त थांबला.
'अजून नाही,' म्हणाला. 'वीस मिनिटं.'
डिस्प्लेवर अठरा होती.

निघताना पॅनलच्या दाराला आतून
मार्करनं लिहिलं, पुढच्या वायरमनसाठी :
आठ नंबर बी फेजवर. ड्रॉइंग चुकीचं.
अडलं तर इरय्या कोडमना विचारा.
खाली फोन नंबर लिहायचा होता.
त्याच्याकडे फोन नाही.
लिहिलं : रात्री अडीच, इथेच.