सदतिसावं नाव

निळी चौकट मार्चमध्येच आली होती.
एकतीस ऑक्टोबरनंतर, तिच्यात लिहिलं होतं,
या सिस्टिमला आमचा आधार राहणार नाही.
वाऱ्यावर सोडतोय हे
इतक्या अदबीनं फक्त कंपन्याच लिहितात.
खाली दोन बटणं.
झोफेलबाईंनी दुसरं दाबलं: नंतर आठवण करा.
मग रोज सकाळी सव्वासहाला दाबत राहिल्या,
दारातल्या विक्रेत्याला ‘उद्या या’ म्हणावं तसं.

मी त्या विक्रेत्यांपैकीच.
माझ्या यादीत प्लाउएन गावची एक्केचाळीस नावं,
दंतवैद्य, दोन बेकऱ्या, अंत्यविधीचं कार्यालय,
आणि सदतिसावं हे:
झोफेल लेस, तळमजला. घंटी बंद, दार ठोकावं.

ठोकलं.
आत नऊ मीटर लांब भरतकामाचं यंत्र,
तीनशे बारा सुया एका दमात खाली
एका दमात वर,
आणि कोपऱ्यात, धाग्यांच्या खोक्यावर,
दातांसारखा पिवळा पडलेला कॉम्प्युटर.
तो सुयांना सांगतो, आता पान,
आता देठ,
आता काहीच नको.

मी माझं पाठ केलेलं बोललो.
धोके सांगितले, हप्ते सांगितले.
मग कबूलही केलं
की नवा कॉम्प्युटर या यंत्राला ओळखणार नाही,
यंत्राची कंपनी बुडाली त्याला सोळा वर्षं झाली,
दोघांची भाषा जुळवून देणारा माणूस
आता फोन उचलत नाही.

बाई हसल्या. म्हणाल्या,
तुझा जन्म कधीचा? त्र्याण्णवचा?
मग तुला ठाऊक नसणार.
माझा तर अख्खा देश बंद झाला, तोही ऑक्टोबरातच.
नोटा बदलल्या, रस्त्यांची नावं बदलली,
आमच्या कारखान्यात सातशे बायका होत्या
त्या वर्षभरात अकरा उरल्या.
नंतर आठवण करा, असं बटण
तेव्हा कुणी दिलं नव्हतं.

पलीकडे थुईबाई टबात हात घालून उभ्या.
हायफाँगहून आल्या सत्त्याऐंशीला, पाच वर्षांच्या करारावर,
तो तिसऱ्याच वर्षी संपल्याचं पत्र आलं,
सोबत परतीचं तिकीट.
ते अजून सुयांच्या डबीत आहे, म्हणाल्या,
आणि पाण्यातून भरलेला कपडा वर काढला.
कपडा विरघळत होता.
ज्याच्यावर टाके घातले तेच
दुधट होऊन टबाच्या तळाशी चाललं होतं
आणि तिच्या बोटांवर राहिली
नुसती दोऱ्याची नक्षी, निथळत,
स्वतःच्याच गाठींना धरून.
मी हप्त्यांचा कागद घडी करून खिशात ठेवला.

एकतीस तारखेला पुन्हा गेलो.
भिंतीतून येणारी इंटरनेटची तार काढली,
टोकाला चिकटपट्टी लावली.
डिझाइनं आता पेन ड्राइव्हवरून आणायची,
वरच्या मजल्यावर तपासून मगच, असं
मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला डकवलं.
यादीत ‘विक्री’च्या रकान्यात शून्य.
साहेबांनी विचारलं तेव्हा म्हटलं,
यंत्राला पोराबाळांचं फोटो पाहायचं नसतं,
त्याला फक्त पान आणि देठ लागतं.
साहेब त्यावर जे बोलले ते इथे नको.

फेब्रुवारीत सहज डोकावलो.
चौकट आली नव्हती,
तिला यायला वाटच उरली नव्हती.
फक्त पडद्यावरचं घड्याळ
सहा मिनिटं मागे पडलं होतं.
जगाची वेळ विचारायची त्याची सोय
मीच तर तोडली होती.
म्हटलं, लावून देतो, अर्ध्या मिनिटाचं काम.
राहू दे, बाई म्हणाल्या,
त्याला कुठे गाडी पकडायची आहे?

चर्चच्या घंटेनं बारा वाजवले.
सुया चालूच.
थुईबाईंनी भाताचा डबा मांडीवर घेतला
पण झाकणाला हात लावला नाही,
कॉम्प्युटरकडे बघत बसल्या.
तिथे अजून
सहा मिनिटं होती.